मुंबईची विमाने मराठवाड्याकडे वळवली तर?

जालन्याच्या एका प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, मुंबईला उतरण्यापूर्वी विमान अर्धा-पाऊण तास आकाशात घिरट्या घालत राहते आणि इकडे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी दिवसाचा बराच वेळ मोकळी असते. नांदेड आणि लातूरची तर त्याहूनही मोकळी. मग मुंबईची काही विमाने या विमानतळांकडे वळवून दोन्हीकडचा प्रश्न एकदम का सोडवला जात नाही?

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे विमानांची वेळापत्रके बसवण्यात गेली आणि आता मी छत्रपती संभाजीनगरला स्थायिक आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत, ते आधी वेगळे करतो. मुंबईला जाणारा प्रवासी मराठवाड्यात उतरवता येईल का, हा पहिला. आणि मुंबईत काहीही काम नसताना केवळ विमान बदलण्यासाठी तिथे जावे लागणारा मराठवाड्याचा प्रवासी मुंबईपासून वाचवता येईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे नकारार्थी आहे. दुसऱ्याचे होकारार्थी आहे, आणि प्रादेशिक विमानतळांचा खरा उपयोग तिथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत नेमके काय अडते ते प्रथम पाहू. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी त्यांपैकी एकच वापरता येते आणि व्यवहारात तो एका धावपट्टीचाच विमानतळ ठरतो. २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवासी त्याने हाताळले. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या गर्दीत, एका दिवसात १,०३२ उड्डाणे आणि अवतरणे झाली. हे कौशल्याचे काम होतेच, पण अशा ताणलेल्या वेळापत्रकात एक विमान पाच मिनिटे उशिरा आले की त्यामागची रांग रात्रीपर्यंत सरळ होत नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतील हालचालींची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणली. सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८ आणि रात्री साडेनऊ ते ११ हे ते गर्दीचे तास. त्या वेळी नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितले होते की, विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचे सुमारे पावणेदोन लाख रुपयांचे इंधन जळत होते.

ताशी ४४ याचा अर्थ दर ८२ सेकंदांना एक विमान उतरणार किंवा उडणार. या ८२ सेकंदांना विमान किती मोठे आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. ७८ आसनांचे एटीआर विमान उतरले काय किंवा २३२ आसनांचे एअरबस ए-३२१ उतरले काय, धावपट्टीवरची एक पाळी खर्च होते. किंबहुना एटीआरला थोडी जास्तच जागा लागते, कारण त्याचा उतरतानाचा वेग जेट विमानापेक्षा कमी असतो आणि मागून येणाऱ्या जेटला अंतर राखून थांबावे लागते. पुढे एखादे मोठे बोइंग ७७७ असेल, तर त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे मागच्या मध्यम आकाराच्या विमानाला पाच सागरी मैलांचे अंतर ठेवणे भाग असते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्याकडच्या बहुतेक मागण्यांच्या विरुद्ध जातो, आणि म्हणूनच तो स्पष्टपणे मांडायला हवा. 'नांदेड-मुंबई विमान सुरू करा', 'लातूर-मुंबई विमान सुरू करा', 'संभाजीनगरहून मुंबईसाठी आणखी एक फेरी द्या', अशा निवेदनांतील प्रत्येक मागणी मुंबईची गर्दी वाढवणारी आहे. लहान गावाहून महानगराला जाणारे लहान विमान महानगराच्या सर्वांत दुर्मीळ गोष्टीवर, म्हणजे गर्दीच्या तासातील स्लॉटवर (उतरण्या-उडण्यासाठी नेमून दिलेल्या वेळेवर), हक्क सांगते. त्या स्लॉटवर दिल्लीला जाणारे मोठे विमान उभे करता येत असताना कोणतीही कंपनी तो ७८ आसनांसाठी मनापासून देणार नाही. दिला तरी वेळ गैरसोयीची मिळेल, आणि पाऊस किंवा धुक्याच्या दिवशी सगळ्यात आधी रद्द होईल ती हीच फेरी. मराठवाड्याच्या प्रवाशांचा हा अनुभव जुना आहे. त्यामागे कोणाचा आकस नसून वर मांडलेले साधे गणित आहे.

आता पहिला प्रश्न. मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांतील बहुसंख्यांचे घर, कार्यालय, रुग्णालय किंवा लग्नघर मुंबई, ठाणे, रायगड या पट्ट्यात असते. त्यांना चिकलठाण्यात उतरवले तर पुढे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता उरतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यावर तो प्रवास सुसह्य झाला हे खरे, तरीही दिल्लीहून दोन तासांत आलेला माणूस पुढे पाच तास मोटारीत बसायला तयार होणार नाही.

सक्तीने असे करून पाहिलेले उदाहरण जगात आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराने १९७५ मध्ये शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर मिराबेल नावाचा प्रचंड विमानतळ उघडला आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे तिकडे हलवली. देशांतर्गत उड्डाणे मात्र जुन्या डोर्व्हल विमानतळावरच राहिली. परिणामी विमान बदलणाऱ्या प्रवाशाला एका विमानतळावरून दुसऱ्यावर बसने जावे लागे. प्रवाशांनी आणि कंपन्यांनी टोरांटोची वाट धरली, आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली. तिथे अंतर ५५ किलोमीटरचे होते. आपण साडेतीनशेचा विचार करतो आहोत. मुंबईचा भार खरोखर वाटून घेऊ शकेल असा विमानतळ मुंबईच्याच अंगणात असावा लागतो, आणि तो आता नवी मुंबईत उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, आणि पहिल्या टप्प्यातील क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे.

मग मराठवाड्याच्या विमानतळांनी काय करायचे? जालन्याहून बंगळुरूला निघालेला एक अभियंता घ्या. थेट विमान नसेल किंवा सोयीच्या वेळी नसेल, तर तो संभाजीनगरहून मुंबईला जातो, तिथे तीन तास बसतो आणि बंगळुरूचे विमान पकडतो. मुंबईच्या दृष्टीने हा एकच माणूस दोनदा मोजला जातो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. सुरक्षा तपासणीच्या रांगेत, सामानाच्या पट्ट्यावर आणि दोन विमानांच्या आसनांवर तो जागा घेतो, आणि मुंबईशी त्याचे काहीच काम नसते. त्याला चिकलठाण्याहून थेट बंगळुरूला नेणारे विमान मिळाले, तर मुंबईवरचा दुहेरी भार एकदम उतरतो. दिल्ली, हैदराबाद आणि बंगळुरू या तीन दिशांना सकाळ-संध्याकाळ भरवशाची जोडणी असेल, तर संभाजीनगर, जालना आणि बीड परिसरातील प्रवाशाला मुंबईचे तोंड पाहावे लागण्याची कारणे फार थोडी उरतात. परदेशी जाणाऱ्यालाही दिल्ली, बंगळुरू किंवा हैदराबादहून पुढचे विमान मिळते.

नांदेड, लातूर आणि धाराशिवचा विचार तर आणखी वेगळा करावा लागतो. नकाशा समोर ठेवला की लक्षात येते, मराठवाड्याच्या या आग्नेय भागाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. देगलूर, उदगीर, उमरगा या भागातील माणूस उपचारासाठी, शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादला जात आला आहे. २००८ मध्ये हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ सुरू झाल्यापासून परदेशी जाणारे अनेक जण थेट तिकडेच मोटारीने जातात. ही सवय प्रशासकीय सीमेसाठी मोडण्याचे कारण नाही. एटीआर किंवा ७६ आसनांच्या एम्ब्राएर विमानाला हैदराबादसारखे कमी अडचणीचे केंद्र मिळाले, तर तेच छोटे विमान ओझे न ठरता उपयोगाचे ठरते. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान या, लहान शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेतील पहिल्या उड्डाणांना हिरवा झेंडा दाखवण्यात आला, तेव्हा शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद हाही मार्ग होता, आणि माझ्या मते ती निवड अतिशय विचारपूर्वक झालेली होती.

परंतु ती सेवा टिकली का? उडान योजनेत कंपनीला तोटा भरून देणारे साहाय्य साधारण तीन वर्षे मिळते आणि त्या बदल्यात काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवावे लागते. तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा असते. मराठवाड्यात सेवा देणारी ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली आणि त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, जेट एअरवेज बंद पडल्यावर संभाजीनगरची जोडणी अचानक आटली होती. नांदेडची नियमित सेवा २०२४ मध्ये स्टार एअरने पुन्हा सुरू केली, तेव्हा आदमपूर आणि हिंडन हे मार्ग त्यात होते. आदमपूर पंजाबात आहे आणि हिंडन दिल्लीलगत, गाझियाबादजवळ. तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेण्यासाठी पंजाबहून येणारा भाविक मुंबईत न उतरता थेट नांदेडला येतो, हे मुंबईचा भार हलका करण्याचे फार चांगले उदाहरण आहे. संभाजीनगरलाही वेरूळ आणि अजिंठा ही जागतिक वारसास्थळे आहेत, आणि त्यांच्यासाठी येणारा परदेशी पर्यटक दिल्लीमार्गे आला तर मुंबईची एक पाळी वाचते.

कोणताही मार्ग टिकेल की नाही हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते, आणि येथे सरसकट उत्तर देणे योग्य होणार नाही. विमानतळाला नैसर्गिक प्रवासी किती मिळतात, हे आधी पाहावे लागते. संभाजीनगरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ पासून चालू आहे, तर उदगीरकरांसाठी बीदरचा विमानतळ लातूरइतकाच सोयीचा पडतो. जवळजवळचे विमानतळ एकमेकांचे प्रवासी वाटून घेतात आणि मग कोणत्याच ठिकाणी विमान भरत नाही. माझ्या मते मराठवाड्याने एक पूर्ण क्षमतेचे विमानतळ संभाजीनगरला आणि हैदराबादकडे तोंड असलेले एक मध्यम विमानतळ नांदेडला, एवढ्यावर आधी लक्ष द्यावे. लातूर आणि धाराशिवच्या लोकांना हे आवडणार नाही, याची मला जाणीव आहे. पण या दोन धावपट्ट्यांचा उपयोग वैमानिक प्रशिक्षण, रुग्णवाहू विमाने आणि छोट्या खासगी विमानांसाठी आजही चांगला होऊ शकतो. सगळीकडे थोडे थोडे मागितल्याने कोठेच काही टिकत नाही, हे आपण पाहत आलो आहोत.

मुंबईला खरोखर जायचे असणाऱ्या मराठवाड्याच्या प्रवाशाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणावर रेल्वेत आहे. जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. संभाजीनगरहून सात तासांच्या आत मुंबई गाठता येते. विमानाच्या एका तासात घरापासून विमानतळ, दोन तास आधीची हजेरी, घिरट्या, सामान आणि अंधेरीहून पुढची वाहतूक मिळवली की पाच तास सहज होतात. ज्याला सकाळी जाऊन रात्री परतायचेच आहे, त्याला विमान हवेच, आणि सकाळ-संध्याकाळची एकेक फेरी संभाजीनगरला असणे मी रास्त मानतो. पण ती मोठ्या विमानाने असावी, म्हणजे मुंबईत खर्च होणाऱ्या एका पाळीत १८० माणसे जातील.

पुष्कळदा सुचवली जाणारी आणखी एक कल्पना म्हणजे मुंबईत जागा नसलेली विमाने रात्री चिकलठाण्यात उभी करावीत. यात एक मेख आहे. मुंबईत प्रवासी उतरवून रिकामे विमान इकडे आणायचे आणि पहाटे रिकामेच परत न्यायचे, तर मुंबईच्या धावपट्टीवर आणखी दोन पाळ्या खर्च होतात. उभे राहण्याची जागा वाचते, धावपट्टी वाचत नाही. उद्योजकांच्या खासगी विमानांनाही हेच लागू होते. २०२४ मध्ये त्यांच्यावरचे निर्बंध दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेले, त्यामागे धावपट्टी मोकळी करण्याचाच हेतू होता. रात्रीचा मुक्काम चिकलठाण्यात करायचा, तर तो इथून पहाटे प्रवासी घेऊन दिल्लीला किंवा बंगळुरूला निघणाऱ्या विमानाचा असावा. पावसाळ्यात मुंबई बंद पडली की विमाने अहमदाबाद, नागपूर, हैदराबादकडे वळतात. त्या यादीत संभाजीनगरचे स्थान वाढवण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी एकाच वेळी आलेली पाच-सात मोठी विमाने उभी करण्याइतका प्रशस्त एप्रन आणि रात्रभर हजर असलेला कर्मचारीवर्ग लागतो.

आता धावपट्टीविषयी. चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे २,८३५ मीटर लांब आहे आणि ती वाढवण्यासाठी भूसंपादनाचा विषय बरीच वर्षे चर्चेत आहे. लांबी वाढली की सगळे सुरळीत होईल, असा समज शहरात रूढ आहे. मला तो पूर्णपणे पटत नाही. देशांतर्गत मार्गांवरची ए-३२० आणि ए-३२१ विमाने सध्याच्या लांबीवर चालतात. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवा विरळ झाल्याने विमानाला जास्त धाव घ्यावी लागते किंवा वजन कमी करावे लागते, हे खरे. परंतु लांब धावपट्टीची निकड मोठ्या आकाराच्या आंतरराष्ट्रीय आणि मालवाहू विमानांना आहे. ती करताना सुरक्षिततेचा विचार मात्र सर्वांत वर हवा. २६ एप्रिल १९९३ रोजी याच विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे मृत्युमुखी पडली. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोकळी सुरक्षित जागा आणि रस्त्याचे योग्य वळण ही जमीन मिळवण्याची सर्वांत सबळ कारणे आहेत, आणि जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांनाही ती स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजेत.

मालवाहतुकीबद्दल थोडक्यात सांगतो. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतून निघणारी औषधे आणि यंत्रभाग यांतील बराच हवाई माल ट्रकने मुंबईला जातो. त्यातील काही भाग इथूनच उडावा, तर मोठी प्रवासी विमाने यावी लागतात, कारण असा बराचसा माल त्यांच्याच पोटातून जातो; एटीआरमध्ये त्यासाठी फारशी जागा नसते.

हे सर्व केले तर मुंबईचा उशीर संपेल का? एकट्या मराठवाड्यामुळे नाही. साडेपाच कोटींच्या तुलनेत आपले प्रवासी थोडे आहेत, आणि मोकळा झालेला स्लॉट दुसरी कंपनी लगेच उचलेल. उशीर कमी होतो तो ताशी मर्यादा पाळल्याने आणि नवी मुंबईकडे उड्डाणे गेल्याने. पण त्या मोकळ्या पाळीत ७८ ऐवजी दोनशे माणसे जाऊ लागली, आणि कोल्हापूर, नाशिक, जळगाव, सोलापूर, नागपूर या सगळ्यांनी हेच केले, तर तेवढ्याच धावपट्टीवर मुंबई कितीतरी अधिक लोकांच्या कामी येईल.

आपण जालन्याचे असल्याने शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. प्रत्येक विमानतळाची सल्लागार समिती असते आणि स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष असतात. उद्योजक संघटनांमार्फत या समितीपुढे जायचे असेल, तर 'विमाने वाढवा' असे मोघम निवेदन नेऊ नये. कोणत्या कंपनीचे किती कर्मचारी महिन्याला बंगळुरू, हैदराबाद, चेन्नईला जातात आणि त्यांतील किती जण मुंबईमार्गे जातात, याची माहिती कारखान्यांच्या प्रवास विभागांकडून गोळा करावी. विमान कंपनीचा नियोजक सगळ्यात आधी हेच पाहतो. मागणी दोन गोष्टींची करावी. रात्री मुक्कामाला राहून पहाटे सहा-साडेसहाला बंगळुरूकडे निघणारे आणि रात्री परतणारे एक विमान, ही पहिली. आणि त्यासाठी हवाई नियंत्रण, अग्निशमन व सुरक्षा दलाचे मनुष्यबळ लावून विमानतळाच्या कामकाजाची वेळ तेवढी ठेवणे, ही दुसरी. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. कंपन्या त्यांचे स्लॉट पाच-सहा महिने आधी मागतात, म्हणून हिवाळ्यासाठीची माहिती एप्रिलपर्यंत त्यांच्या हाती पडायला हवी.